बॅटरी बसली

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आता यूपीएस नसणार. लॅपटॉप आला, मोबाइल आला, दोघांच्याही पोटात बॅटरी आली आणि टेबलाखालचा तो काळा डबा भंगारात गेला. आमच्याकडे तो अजून आहे. ६०० व्हीएचा, दिसायला विटेएवढा, उचलायला गेलं तर वाटतो त्यापेक्षा बराच जड. पुढे हिरवा दिवा, मागे सॉकेट, आणि वीज गेली की दर काही सेकंदांनी ‘टूं’ करणारा बझर. यूपीएस म्हणजे अनइंटरप्टिबल पॉवर सप्लाय. ज्यात खंड पडत नाही, असा वीजपुरवठा. या अखंड डब्यानं गेल्या तीन वर्षांत आमच्या घरात इतके खंड पाडलेत की त्यांच्यावर एक लेख सहज होईल. हा तोच.

आम्ही खडकवासल्याला राहतो. रविवारी तुम्ही चौपाटीवर भाजलेलं कणीस खायला येता, ते खडकवासला. २०२१मध्ये गाव पुणे महानगरपालिकेत गेलं, पण विजेला ते अजून कळलेलं नाही. आमच्याकडे वीज तारांवरून येते, तारा झाडांमधून येतात आणि झाडं जूनमध्ये हलतात. गंमत म्हणजे नावातच जल आणि विद्युत असलेली केंद्र सरकारची संशोधन संस्था, १९१६मध्ये सुरू झालेली, आमच्याच गावात आहे. पाणी समोर दिसतं. विद्युत अधूनमधून दिसते.

वीज जाण्याचे आमच्याकडे तीन प्रकार आहेत. पहिला गुरुवारचा. दुरुस्तीसाठी सकाळी जाते, त्याची सवय आहे, गुरुवारी मिक्सर लवकर फिरतो. दुसरा वादळाचा. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून वर आलं तेव्हा गेलेली वीज कधी येणार हे विचारायलाही फोनमध्ये चार्जिंग नव्हतं. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. वीज जात नाही, डोळा मिचकावते. पंख्याला कळतही नाही, ट्यूब एकदा फडफडते, आणि कॉम्प्युटर मरतो. इन्व्हर्टरवर पंखा एक गचका खाऊन पुढे फिरत राहतो. कॉम्प्युटरला गचका खाता येत नाही. म्हणून यूपीएस.

आणि कॉम्प्युटर कशाला, लॅपटॉप का नाही, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर त्याचं उत्तर माझे बाबा आहेत.

बाबा १९५४चे. उजव्या हाताला कंप आहे. पेन धरलं तर अक्षर भूकंपमापकानं काढल्यासारखं येतं. मोबाइलवर एक अक्षर दाबायला गेले की तीन उमटतात. बोलून टाइप करण्याचा प्रयोगही झाला. फोननं ‘पानशेत’ऐवजी ‘पान शेठ’ लिहिलं, त्यावर बाबा म्हणाले, “मी काय पानवाल्याची गोष्ट सांगतोय का?” आणि तो विषय संपला. लॅपटॉपच्या चपट्या बटणांचंही तेच. जमतो तो जुना, उंच बटणांचा कीबोर्ड. डाव्या हाताच्या एका बोटानं, एकेक अक्षर. लिहितात नोटपॅडमध्ये. का, तर तिथं कोरा कागद असतो आणि तो काही विचारत नाही. तो आपणहून काही सेव्हही करत नाही.

२०२१च्या जुलैमध्ये पानशेतच्या पुराला ६० वर्षं झाली. तेव्हा त्यांनी लिहायला घेतलं. १२ जुलै १९६१ला ते ७ वर्षांचे होते आणि त्यांचं घर शनिवार पेठेत, नदीच्या बाजूला होतं. म्हणजे होतं, मग नव्हतं. आयुष्यभर याबद्दल फारसं न बोललेला माणूस रोज दुपारी ४ वाजता कॉम्प्युटरसमोर बसायला लागला. एका परिच्छेदाला ४० मिनिटं लागत. परिच्छेद संपला की सेव्ह करायचा, चष्मा पुसायचा, चहा मागायचा. हा त्यांचा क्रम.

२०२२च्या जूनमध्ये एका संध्याकाळी विजेनं डोळा मिचकावला. यूपीएसनं एकदा ‘टूं’ केलं, म्हणजे निदान हजेरी लावली, आणि कॉम्प्युटरसकट बंद पडला. बाबा त्यांच्या आजीबद्दल लिहीत होते. पूर चढत असताना ती घरातून काय घेऊन बाहेर पडली, त्याबद्दल. परिच्छेद जवळजवळ संपला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पुन्हा लिहिला. मी पहिला स्क्रीनवर येता-जाता वाचला होता. पहिल्यात आजीच्या हातात देव्हाऱ्यातला बाळकृष्ण होता. दुसऱ्यात तांदळाचा डबा होता. मी विचारलं, “बाबा, नक्की काय होतं?” ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “काल लिहिताना मला ती दिसत होती. आज मी कालचं लिहिलेलं आठवतोय.”

त्यानंतर तीन आठवडे ते कॉम्प्युटरसमोर बसले नाहीत. विचारलं की “बघू” म्हणायचे. ‘बघू’ म्हणजे नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हापासून तो काळा डबा माझा विषय झाला.

*

सिंहगड रोडवरून एक दुरुस्तीवाले दादा आले. त्यांनी प्लग काढला, डबा तीन सेकंदांत निवर्तला. “ताई, बॅटरी बसली,” ते म्हणाले.

बसणे हे मराठीतलं मोठं उपयोगी क्रियापद आहे. घसा बसतो, धंदा बसतो, धक्का बसतो. बॅटरी बसते म्हणजे नेमकं काय होतं, ते मी नंतर शिकले.

यूपीएसमध्ये शिसं आणि आम्लाची बॅटरी असते. १८५९मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं ती शोधली आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. शिशाच्या पट्ट्या, मध्ये गंधकाम्ल. बॅटरी वापरली की पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर चढतो, चार्ज केली की तो विरघळतो. पण बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर या थराचे कडक खडे होतात. किटलीत क्षार बसतात तसे. मग चार्ज करूनही ते निघत नाहीत. पट्टीचा जेवढा भाग झाकला गेला तेवढी बॅटरी कमी झाली. हिरवा दिवा मात्र लागलेलाच राहतो. तो फक्त वीज आल्याचं सांगतो.

नवी बॅटरी बसवली. (इथं पुन्हा तेच क्रियापद, उलट्या अर्थानं.) आठ महिन्यांत तीही बसली. मी डबा उघडायला लावला आणि बॅटरीवरचा तारखेचा शिक्का पाहिला. आम्हाला ‘नवी’ म्हणून मिळालेली बॅटरी विकली गेली त्या दिवशी दीड वर्षाची होती. दुकानातल्या फळीवर बसून होती. न वापरताही अशी बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरत राहते, आणि कुणी मध्ये चार्ज केली नाही तर खडे तिथंच धरायला लागतात. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण वाचतो. बॅटरीवरची वाचता येते, हे दुकानदार कुणाला सांगत नाही.

दुसरं कारण भिंतीत होतं. आमच्या त्या खोलीची भिंत पश्चिमेची, आणि कॉम्प्युटरला पुरेल असा सॉकेट बिल्डरनं नेमका तिथंच दिलेला. एप्रिलमध्ये दुपारी ती भिंत पोळी भाजता येईल इतकी तापते. या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. त्याच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. म्हणजे खोक्यावर लिहिलेली चार वर्षं ही दुसऱ्याच कुठल्या तरी थंड गावातली चार वर्षं असतात.

तिसरं कारण संध्याकाळ. सातच्या सुमारास सगळ्या गावाचे दिवे, टीव्ही, पाण्याच्या मोटारी एकदम चालू होतात आणि व्होल्टेज खाली येतं. यूपीएसच्या पोटात रिलेची ‘टक टक’ सुरू होते. व्होल्टेज जरा कमी असेल तर तो स्वतः उचलून देतो. फारच खाली गेलं तर बॅटरीवर जातो. घरात दिवे लागलेले आहेत, वीज गेलेली नाही असं सगळ्यांना वाटतं आहे, आणि टेबलाखाली बॅटरी रोज थोडी थोडी झिजते आहे.

मार्च २०२३मध्ये मी स्वतः जाऊन ताज्या तारखेची बॅटरी आणली. डबा त्या भिंतीपासून लांब नेला, त्यासाठी इलेक्ट्रिशियनकडून नवा पॉइंट काढून घेतला. मग प्लग काढून घड्याळ लावलं. १६ मिनिटं.

गणित करून पाहायचं असेल तर सोपं आहे. बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर. गुणाकार ८४ वॅट-तास. आमचा कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून ११५ वॅटच्या आसपास घेतात. भागाकार केला तर पाऊण तास यायला हवा, आले १६. कारण ते ७ अँपिअर-अवर २० तासांत हळूहळू वापरले तरच मिळतात. एकदम ओढले तर बॅटरी कमी देते. पॉइकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८९७मध्ये हे सूत्रात मांडलं. शिवाय बॅटरीची वीज भिंतीतल्या विजेसारखी करताना काही वाया जाते. घाईनं मागितलं की कमी मिळतं, हे बॅटरीबाबत तरी सिद्ध झालेलं आहे.

सोळा मिनिटं ही तशी चैन होती. बाबा पुन्हा बसायला लागले.

आणि जूनमध्ये कॉम्प्युटर पुन्हा मेला.

*

या वेळी प्रकार वेगळा होता. यूपीएस जिवंत होता, ‘टूं टूं’ करत होता. मॉनिटरही चालू होता. फक्त कॉम्प्युटर आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू झाला. प्लग काढून दहा वेळा पाहिलं. सहा वेळा नीट चालला, चार वेळा मेला. दुरुस्तीवाले दादा म्हणाले, “यूपीएस नवा घ्या.” एका मित्रानं, जो अशाच गोष्टी उघडून पाहण्यात आयुष्य घालवतो, कॉम्प्युटरचा डबा उघडला.

त्यानं समजावलं ते असं. आमच्यासारखा स्वस्त यूपीएस एरवी भिंतीतली वीजच पुढे देत असतो. वीज गेली की त्याला कळायला आणि बॅटरीवर उडी मारायला वेळ लागतो. साधारण ५ ते १० मिलिसेकंद. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले पाच-दहा. तेवढा वेळ कॉम्प्युटरला कुणीच वीज देत नाही. तो वेळ कॉम्प्युटर स्वतःच्या खिशातून काढतो. त्याच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात, मोठे कपॅसिटर असतात. त्यांच्यात साठलेली वीज चांगल्या स्थितीत १६-१७ मिलिसेकंद पुरते. पण कपॅसिटरही म्हातारे होतात. आमचे फुगले होते. यूपीएस वेळेवर येत होता, पण तोवर दार धरून ठेवणाराच थकला होता.

“म्हणजे वाळूची पोती,” बाबा म्हणाले.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

पानशेतचं धरण मातीचं. १९६१च्या पावसाळ्यात ते पुरतं बांधून झालेलं नसतानाच त्यात पाणी अडवलं गेलं. पाणी सोडायच्या मोरीचं बांधकाम खचलं आणि तिच्यावरचा मातीचा भराव बसायला लागला. हो, तेच क्रियापद. धरण जाणार हे तिथल्या लोकांना दिसत होतं. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान पावसात, अंधारात त्या बसत चाललेल्या भरावावर वाळूची पोती रचत राहिले. धरण वाचलं नाही. १२ तारखेला सकाळी फुटलं. ते पाणी खाली आमच्या आताच्या गावाशी असलेल्या, ब्रिटिशांच्या काळातल्या खडकवासल्याच्या दगडी धरणावर आलं, आणि काही तासांत तेही फुटलं. दिवसाढवळ्या पुण्यात पाणी शिरलं. लकडी पूल बुडाला.

“त्या पोत्यांनी धरण राहणार नव्हतं,” बाबा म्हणाले. “रात्र निघाली. बस्स.”

रात्र निघाली म्हणून पाणी आलं तेव्हा उजेड होता. लोकांना ते येताना दिसलं. ‘पाणी आलं, पाणी आलं’ असं ओरडत माणसं पळत होती, ती कुठल्या दिशेनं पळतायत हे दिसत होतं. बाबांच्या आजीला हातात काहीतरी घ्यायला आणि नातवाचं मनगट धरायला वेळ मिळाला. त्या पोत्यांमागच्या माणसांची नावं बाबांना माहीत नाहीत. त्यांनी लिहिलंय ते एवढंच, की आपण सात वर्षांचे होतो, झोप गाढ होती, आणि घर तळमजल्यावर होतं.

हे मला तेव्हा जेवढं कळलं त्याहून जास्त पुढच्या वर्षी कळलं. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी पहाटेच्या वेळी सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत शिरलं. आता धरणातून किती क्युसेक सोडले याचा आकडा फोनवर येतो. पण माणूस झोपलेला असेल तर आकडाही उशाशी झोपून राहतो. बाबा त्या दिवशी टीव्हीसमोर बसून होते आणि एकच प्रश्न विचारत होते, “किती वाजता शिरलं?”

*

एसएमपीएस बदलला. तेव्हापासून आजपर्यंत वीज डोळा मिचकावते, यूपीएस ‘टूं’ करतो, आणि कॉम्प्युटरला काही कळत नाही.

यूपीएस घेणारा प्रत्येक जण दुकानात एकच विचारतो, किती वेळ चालेल? मीही तेच विचारत होते. आता वाटतं, १६ मिनिटं काम करत राहण्यासाठी नसतातच. ती आवरायला असतात. आमच्याकडे एक पद्धत पडली आहे. पहिला ‘टूं’ झाला की बाबा चालू वाक्य पूर्ण करतात, परिच्छेद नाही. पूर्णविराम, कंट्रोल एस, शटडाउन. हे बहुतेक चार मिनिटांत होतं, कारण त्यांची वाक्यं छोटी असतात. उरलेली १२ मिनिटं बॅटरीत राहतात, आणि तिलाही ते बरं असतं. शिशाची बॅटरी तळापर्यंत खरवडली की लवकर बसते.

घरी असा डबा असेल तर एवढं करा. महिन्यातून एकदा, सगळं सेव्ह करून, प्लग काढून मिनिटं मोजा. मिनिटं निम्म्यावर आली की बॅटरी बदला, बझर कायमचा गप्प होण्याची वाट पाहू नका. प्रिंटर त्याला जोडू नका, विशेषतः लेझर. तो गरम होताना जेवढं ओढतो तेवढं या डब्याला झेपत नाही. विकत घेताना तारीख वाचा. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आहे. ती दुकानात परत द्यायची असते, आणि तिचे थोडेफार पैसेही मिळतात.

आजीच्या हातात काय होतं, याचा निकाल लागला नाही. बाबांनी दोन्ही परिच्छेद फाइलमध्ये ठेवलेत. पहिला मी वाचलेला आठवून सांगितला आणि त्यांनी तो माझ्या नावानं लिहिला, ‘मुलीनं वाचलं होतं ते असं’ म्हणून. त्याच्या खाली तांदळाचा डबा. गोष्ट आता पुढे गेली आहे. पूर ओसरलाय, पेठेतलं घर संपलंय, आणि ते गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या निसन हटमध्ये राहायला गेलेत. अर्धगोल पत्र्याचं घर. उन्हाळ्यात आत बसवत नसे, पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे, आणि आजी म्हणे की गोल घरात कोपराच नाही, देव ठेवायचा कुठे. हे वाक्य टाइप झालं त्या दिवशी बाबा बराच वेळ हसत होते. आजीनं निदान देव आणला होता, असं मी म्हणाले. “किंवा नव्हता आणला, म्हणून विचारत होती,” ते म्हणाले.

सध्याची बॅटरी २०२५च्या एप्रिलमधली आहे. बसवताना तिच्यावर मार्करनं तारीख घालायची होती. मी मार्कर उघडला, तर बाबांनी हात पुढे केला. त्यांना दोन मिनिटं लागली. आकडे वाकडे आहेत, पण वाचता येतात.